एका हाताचा तोल

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या महाद्वारातून आत गेले म्हणजे मारुतीचे एक लहानसे देऊळ लागते, आणि तेथून तटाकडे वळले की दोन छोट्या घुमट्या दृष्टीस पडतात. एकीत चुन्यावर उमटलेला हाताचा ठसा आहे, दुसरीत पायाचा. हे ठसे श्रीशिवछत्रपतींचे, अशी परंपरा आहे. मालवणच्या बंदरातून होडीने आलेला यात्रेकरू तेथे क्षणभर थांबतो, हात जोडतो, आणि मग बहुधा नकळत स्वतःचा पंजा उघडून त्याजकडे पाहतो. १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर ज्या दुर्गाचा पाया घातला गेला, त्याचे तट आणि बुरूज पाहून मन थक्क होते हे खरे. परंतु घरी परतल्यावर आठवणीत राहतो तो हा एवढासा पंजा.

प्रस्तुत लेखही एका पंजाविषयीच आहे. मात्र तो पंजा राज्यकर्त्याचा नव्हे, व्यायामपटूचा. मल्लखांबाच्या माथ्यावर एकच तळहात टेकून, त्याच हाताचे कोपर नाभीशी लावून, सर्व शरीर जमिनीस समांतर तोलून धरावयाचे आणि दुसरा हात मोकळा सोडावयाचा, या कृतीस एकहाती मयूरासन म्हणतात. पाहणारास तो एक खेळ वाटतो. करणारास त्यापायी वर्षे घालवावी लागतात. एवढ्या कष्टाने साध्य होणाऱ्या या गोष्टीचा उपयोग काय, हा प्रश्न कोणाही सूज्ञास पडेल. आणि त्याचे उत्तर शोधू गेल्यास मल्लखांबाचा सबंध इतिहास उलगडू लागतो, असा आमचा अनुभव आहे.

उभ्या खांबाशी झुंजणे ही गोष्ट मालवणच्या किनाऱ्यास अपरिचित नाही. गलबताच्या डोलकाठीवर सरसर चढणारा खलाशी आणि माडाच्या खोडास बिलगून नारळ उतरविणारा पाडेली हे दोघेही आपापल्या परीने त्या विद्येत निष्णातच. पण त्यांच्या कौशल्याचे सारे मर्म पकडीत आहे. खोड हातातून सुटता कामा नये, पाय खाचेतून निसटता कामा नये. सुटले की संपले. मल्लखांबाचाही आरंभ याच पकडीपासून होतो. एरंडेल चोळून गुळगुळीत केलेल्या सागाच्या किंवा शिसवीच्या खांबास पायांची अढी घालणे, बगलेत खांब दाबून धरणे, मांड्यांनी त्याचा जणू गळा आवळणे, हे पहिले धडे होत. खांबाचा बुंधा जाड, वर निमुळती होत गेलेली मान, आणि मानेवर वाटोळे बोंड, अशी त्याची घडण पाहिली तरी हे सोंग कोणाचे आहे ते ध्यानात येते. तो उभा केलेला माणूस आहे. कुस्तीतील प्रतिस्पर्धी आहे. तो थकत नाही, रागावत नाही आणि चुकीबद्दल क्षमाही करीत नाही. मल्लाचा खांब हे त्याचे नाव म्हणूनच अन्वर्थक आहे.

आता या दृष्टीने एकहाती मयूरासनाकडे पाहावे. त्यात अढी नाही, बगल नाही, खांबाशी झोंबणे तर मुळीच नाही. प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर एक हात टेकून आडवे होण्याचा प्रसंग कोणत्याही कुस्तीत येत नाही. कोणी म्हणेल, तोल सांभाळण्याची सवय मल्लास उपयोगी पडतेच. पडते, यात शंका नाही. पण तेवढ्यासाठी कोणताही वस्ताद शिष्यास बोंडावर मोर करून बसविणार नाही. अर्थात जी विद्या कुस्तीची दासी म्हणून जन्मास आली, ती केव्हा तरी दास्यातून सुटून स्वतंत्र झाली, याची ही एकहाती तोल म्हणजे प्रत्यक्ष साक्ष होय. ते स्वातंत्र्य तिला कसे मिळाले, हे पाहावयाचे आहे.

मल्लखांब सहस्रावधी वर्षे आहे तसा चालत आला आहे, असे व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. असे बोलणे ऐकावयास गोड लागते, परंतु इतिहासास ते मानवणारे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२७ ते ११३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण असून, मल्लांनी खांबावर करावयाच्या मेहनतीचा त्यात उल्लेख आहे. हठप्रदीपिकेसारख्या पंधराव्या शतकातील योगग्रंथात मयूरासन वर्णिलेले आहे. पण तेथे दोन्ही तळहात भूमीवर आहेत, आणि प्रयोजन जठराग्नी प्रदीप्त करण्याचे आहे. म्हणजे खांब एका परंपरेत होता आणि मोर दुसऱ्या परंपरेत. एक आखाड्यात, दुसरा मठात. खांबाच्या माथ्यावर मोर बसला तो या दोन परंपरांची गाठ पडल्यावर.

अर्वाचीन मल्लखांबाचा उगम उत्तर पेशवाईत आहे आणि त्याचे श्रेय नाशिकनजीकच्या कोठुरे गावचे बाळंभटदादा देवधर यांजकडे जाते. त्यांची कथा महाराष्ट्रातील जुन्या तालमींतून सांगितली जाते, ती अशी. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे दोन बलाढ्य पहिलवान आले व त्यांनी पुण्याच्या मल्लांस आव्हान दिले. कोणीही पुढे होईना. तेव्हा विशीच्या आतबाहेरचे बाळंभट उठले, त्यांनी आव्हान स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. पुढे ते वणीच्या सप्तशृंगीस जाऊन अनुष्ठानास बसले. तेथे त्यांस दृष्टान्त झाला व मारुतीने वानररूपाने लाकडी खांबावर उड्या आणि पकडी करून दाखविल्या. त्या आत्मसात करून बाळंभट परतले. गुलाबास त्यांनी चीत केले आणि अलीने लढण्यावाचूनच पाय काढला.

या कथेस अक्षरशः इतिहास मानावयाचे कारण नाही, तशी ती टाकून द्यावयाचेही कारण नाही. दृष्टान्ताचा भाग बाजूस ठेवला तरी एक गोष्ट तीत स्पष्ट दिसते. बाळंभट आपल्याहून जड माणसाशी लढण्यास निघाले होते. वजनास वजन देणे त्यांस शक्य नव्हते. म्हणून बळाची उणीव चपळाईने, श्वासाने आणि तोलाने भरून काढण्याची युक्ती त्यांनी शोधली, आणि तिचे शिक्षण न हलणाऱ्या खांबाकडून घेतले. खांबावर स्वतःचेच वजन पेलावयाचे असते, परक्याचे नव्हे. तेव्हा ज्यास स्वतःच्या शरीराचा भार कोठे आहे हे कळले, त्याचाच तेथे निभाव लागतो. पुढे बोंडावरच्या मोरास जे फळ धरले, त्याचे बीज या ठिकाणी आहे.

बाळंभटांस लाभलेला राजाश्रय मात्र फार दिवस टिकला नाही. १८१२ साली करवीरकरांनी मालवण व सिंधुदुर्ग इंग्रजांच्या हवाली केला, आणि पुढे सहाच वर्षांनी, १८१८ च्या जूनमध्ये, बाजीराव माल्कमच्या स्वाधीन होऊन ब्रह्मावर्तास गेले. फडावरचे पंतोजी, शागीर्द, वैद्य, गवई यांच्याप्रमाणे वस्तादही त्यांच्यामागून गंगाकाठी गेले. नानासाहेब, तात्या टोपे आणि झाशीची राणी यांनी तेथे मल्लखांबाचे धडे घेतल्याचे परंपरा सांगते. बाळंभटांच्या नावाचा संबंध यापुढे काशीशी जुळतो. त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांच्या आखाड्याची कीर्तीही काशीचीच. एकंदरीत, पुण्याच्या दरबारी नावारूपास आलेली ही विद्या राज्य बुडाल्यावर परमुलखात वाढली. १८५७ नंतर तर तिजपाशी दरबार उरला नाही, फौज उरली नाही, आणि हत्यारबंदीच्या काळात मल्लांस लढाईवर पाठविणारा धनीही उरला नाही.

अशा वेळी एखादी विद्या बहुधा मरते. मल्लखांब मेला नाही, याचे कारण आमच्या मते असे की, लढाईचे ओझे उतरताच त्याची वाढ दुसऱ्या दिशेने होऊ लागली. जाड खांबाशेजारी टांगता वेत आला. लांब व चिवट वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याची जागा दोरीने घेतली. वेताशी किंवा दोरीशी कुस्ती कोण खेळणार? तेथे प्रतिस्पर्ध्याचे सोंग अगदीच गळून पडले आणि शिल्लक राहिले ते केवळ शरीर व त्याचा भार. मोठ्या खांबावरही पकडींच्या बरोबरीने आसने, फरारे आणि ताजवे यांस मान मिळू लागला. ताजवा म्हणजे तराजू. कुस्तीच्या कोशात न शोभणारा हा शब्द मल्लखांबाच्या परिभाषेत जाऊन बसावा, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते.

याच सुमारास युरोपात घडलेला एक प्रकार तुलनेस घेण्याजोगा आहे. नेपोलियनकडून १८०६ साली पराभव पावलेल्या प्रशियात यान नावाच्या शिक्षकाने १८११ साली बर्लिनजवळ हाझनहायडे येथे उघड्या मैदानावर आडव्या व समांतर दांड्या उभारून तरुणांस कसरत शिकविण्यास आरंभ केला. हेतू उघड होता: हरलेल्या राष्ट्राचे बाहू पुन्हा बळकट करावयाचे. खुद्द तेथील सरकारासच त्याचा संशय आला आणि १८२० पासून १८४२ पर्यंत या व्यायामावर बंदी होती. तीतून ती कसरत जगली, आणि आज जगभर जिम्नॅस्टिक्स म्हणून जे चालते त्याची ती जननी ठरली. पुण्याचा खांब आणि बर्लिनच्या दांड्या एकमेकांस ओळखत नव्हत्या. तथापि लढाईसाठी घडविलेले शरीर लढाई नसताना सौंदर्याकडे व तोलाकडे वळते, हा नियम दोहोंसही सारखाच लागू पडला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विद्या पुन्हा दक्षिणेत व गुजरातेत रुजली. बडोद्यास जुम्मादादा नावाचे मुसलमान वस्ताद होते. त्यांनी १८८० साली स्थापिलेला आखाडा पुढे त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी नावारूपास आणला आणि त्यास आपल्या गुरूचे नाव दिले. मल्लखांबाच्या जन्मकथेत निजामाच्या मुलखातून आलेले अली आणि गुलाब हे प्रतिपक्षी आहेत. त्याच विद्येचे पुढील काळातील एक मोठे पीठ मात्र जुम्मादादा व्यायाममंदिर म्हणून ओळखले जाते. कथा सांगणारांनी हा दुसरा भागही सांगत जावे, म्हणजे पहिल्याचा भलताच अर्थ कोणी काढणार नाही. बडोद्यासच द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला व्यायाम-ज्ञानकोश १९३६ पासून खंडशः प्रसिद्ध होऊन दहा खंडांत पुरा झाला, आणि तोंडी परंपरेने आलेले मल्लखांबाचे ज्ञान छापून वाचकांच्या हाती पडले. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला, त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली या मंडळाच्या पथकाने ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके करून दाखविली, तीही यानच्या त्या बर्लिनमध्येच. हाझनहायडेच्या आरंभापासून मोजले तर मध्ये बरोबर सव्वाशे वर्षे गेली होती.

मुंबईत दादरला १९२५ साली श्रीसमर्थ व्यायाम मंदिर स्थापन झाले. मालवण, वेंगुर्ले, देवगड हे तालुके त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत, आणि तेथील कित्येक कुटुंबांतील कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत कामास असत. त्यांची मुले परळ-दादरच्या चाळींत वाढली. समुद्रकाठच्या माणसास डोलकाठी व माड सुटून मल्लखांब भेटावयाचा तर तो तेथेच भेटणार, हे उघड आहे. गावच्या देवळापुढील मारुतीस नमस्कार करणारा मुलगा शहरात आल्यावर व्यायामशाळेतील मारुतीपुढे वाकला. मध्ये काही फार बदलले असे त्यास वाटले नसेल.

हा तोल शिकविला कसा जातो, हे आता थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण इतिहासाचे सार त्यात आहे. मुलाने प्रथम जमिनीवर दोन्ही तळहात जवळजवळ टेकून, बोटे पायांकडे वळवून, दोन्ही कोपरे नाभीच्या दोन बाजूंस लावावयाची. पोट घट्ट, श्वास आवरलेला. मग छाती पुढे झुकवीत न्यावयाची. पाय उचलावयाचे नसतात, डोक्याकडचा भार पुढे गेला म्हणजे ते आपोआप हलके होतात. नवशिका येथेच चुकतो. तो पाय झाडून वर फेकतो आणि तोंडावर आपटतो. दोन हातांचा मोर स्थिर झाल्यावर एका हाताचे कोपर शरीराच्या मध्यरेषेवर आणावयाचे व सारा भार त्या तळव्यावर घ्यावयाचा; दुसऱ्या हाताची आधी फक्त बोटे टेकलेली, पुढे एकच बोट, आणि अखेरीस तेही नाही. शरीराचा गुरुत्वमध्य नाभीच्या आसपास असतो, म्हणून कोपर तेथेच हवे; चार बोटे इकडे-तिकडे झाले की सारा डोलारा कलंडतो. पुढे झोक गेला तर मनगटाजवळचा तळवा दाबावयाचा, मागे गेला तर बोटांचा दाब वाढवावयाचा. बाहेरून स्तब्ध दिसणाऱ्या त्या शरीरात तळहात मात्र एक क्षणही स्वस्थ नसतो. ही चुळबूळ अंगवळणी पडल्यावरच मुलाने खांब चढून बोंडावर हात ठेवावयाचा. त्यापूर्वी पडावे कसे, हे त्यास शिकविलेले असले पाहिजे.

या साऱ्या अवधीत शिक्षकाचा एक हात शिष्याच्या मांडीखाली असतो. प्रारंभी तो खरोखरच भार उचलतो. मग नुसता टेकलेला असतो. पुढे अंगुळभर खाली, स्पर्श न होता, राहतो. शिष्यास तो आहे असेच वाटत असते. आणि एके दिवशी तो नसतो. कोपर कोठे लावावे हे व्यायाम-ज्ञानकोशात वाचून समजेल. तो हात कधी काढून घ्यावा हे कोणत्याच कोशात सापडत नाही. लवकर काढला तर मनगट जायबंदी होते व मुलगा कायमचा धास्तावतो; उशिरा काढला तर आधाराची सवय जडते व तोल कधीच येत नाही. समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलींना दोरीचा मल्लखांब शिकविला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्यापेक्षाही हे उदाहरण आम्हांस बोलके वाटते. डोळ्यांनी पाहून नक्कल करण्याचा मार्ग जेथे बंद आहे, तेथेही ही विद्या हातातून हातात गेली. ज्या खांबाजवळ एके काळी केवळ मल्लांसच प्रवेश होता, त्याच्या आवारात मुली, लहान बालके आणि दृष्टिहीन येऊ शकली, तेही पकडीवर तोलाने मात केली म्हणूनच.

१९८१ साली उज्जैन येथे अखिल भारतीय स्पर्धा झाल्या. त्याच वर्षी, १ मे रोजी, सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. २०१३ साली मध्य प्रदेशाने मल्लखांबास राज्यक्रीडेचा दर्जा दिला, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा होऊन तीत परदेशी खेळाडूही उतरले. हा उत्कर्ष आनंदाचा आहे. तथापि स्पर्धेत सेकंद मोजले जातात आणि अवघडपणास गुण मिळतात. त्यामुळे दोन हातांचा मोर पक्का होण्याआधीच एका हाताचा मोर करून पाहण्याचा मोह मुलांस होतो, आणि कधी कधी त्यांच्या पालकांसही. प्राचीनतेचा डौल मिरविणे आणि पदकांची घाई करणे, या दोहोंतही एकच दोष आम्हांस दिसतो. मधल्या माणसांचा विसर पडतो. सोमेश्वराच्या ग्रंथापासून आजच्या मैदानापर्यंत ही विद्या कोणत्याही ग्रंथाने किंवा दरबाराने आणून पोचविलेली नाही. दर पिढीत कोणी तरी कोणाच्या तरी मांडीखाली हात धरला, आणि योग्य वेळी काढून घेतला. अशा एखाद्या शिक्षकावाचून उभारलेला खांब, मग तो मुंबईत असो की मालवणात, केवळ लाकूड होय.

सिंधुदुर्गाच्या तटावरील त्या घुमटीपुढे उभे राहिले म्हणजे ठसा उमटलेला पंजा तेवढा दिसतो. चुना कालविणारे, तो समतल करणारे आणि ओला आहे तोवर जपणारे हात दिसत नाहीत. एकहाती मयूरासनात स्थिर झालेल्या मुलाकडे पाहतानाही असेच होते. टाळ्या वाजत असतात, तेव्हा त्याचा शिक्षक दोन पावले मागे सरून उभा असतो, आणि त्याचा रिकामा हात अजून किंचित उघडाच असतो.